विटी कोलायची असते, गोल्फचा बॉल नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, गोल्फ खेळायला लागून दोन वर्षं झाली, हँडिकॅप २४ (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला). रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मॅटवरून सात नंबर आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) झकास लागतो. कोर्सवर गेलात की अर्धे शॉट डफ होतात (क्लब आधी मातीत घुसतो) आणि उरलेल्यातले निम्मे टॉप (क्लब बॉलच्या डोक्यावर बसतो). मान खाली ठेवून पाहिलीत, डावा हात काठीसारखा ताठ ठेवून पाहिलात, व्हिडिओ इतके पाहिलेत की आता बॅकस्विंगमध्येच चार माणसं चार सूचना करतात. शेवटी विचारलंय, आयर्न्सचा नवा सेट घेऊ का? आणि जाता जाता लिहिलंय की लहानपण नाशिकला गेलं, गोल्फ क्लबवर रोज क्रिकेट खेळायचो.

सेट घेऊ नका. निदान सहा महिने तरी नाही.

बाकी सगळ्याचं उत्तर त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान म्हणजे अनंत कान्हेरे मैदान. तिथे लोक चालायला जातात, क्रिकेट खेळतात, रणजीचे सामने होतात, गोल्फ तेवढं होत नाही. तुमच्या हातांना जे वळण लागलं ते तिथे लागलं, आणि त्याच्याही आधी गल्लीत विटीदांडू खेळताना. विटी कशी उडवतो आपण? दांडू तिच्या खाली घालायचा आणि मनगटाने कोलायची. वस्तू वर जायला हवी तर हत्यार तिच्या खाली घालून उचलायचं, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. हिरवळीवर बॉल पडलेला दिसला, समोर पाण्याचा खड्डा दिसला, की डोकं काहीही म्हणो, मनगटं कोलायला निघतात. तुमचा डफ आणि तुमचा टॉप दोन्ही या एकाच सवयीची पोरं आहेत.

मी वयाच्या बाराव्या वर्षापासून पुण्यात कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांची बॅग वाहणारा पोरगा होतो, शिकवायला लागून वीसच्या वर वर्षं झाली. आम्ही कॅडी पोरं एक गोष्ट फार लवकर शिकलो. साहेबांचा बॉल कुठे गेला ते तर बघायचंच, ते आमचं कामच होतं. पण साहेबांचा दिवस कसा जाणार हे जमीन बघून कळायचं. डिव्हट, म्हणजे क्लबने निघालेला गवत-मातीचा तुकडा, बॉलच्या जागेच्या पुढे निघत असेल तर आज बक्षिसी बरी मिळणार. मागे निघत असेल तर तोंड बंद ठेवायचं आणि बॅग जरा लांब धरून चालायचं. पुढे मोठमोठे शब्द शिकलो, लाँच मॉनिटरचे, म्हणजे शॉट मोजणाऱ्या यंत्राचे आकडे वाचायला शिकलो, पण त्याहून उपयोगी निदान मला अजून सापडलेलं नाही.

आता नीट समजून घेऊ. स्विंगमध्ये क्लबचं डोकं एका मोठ्या वर्तुळात फिरतं. त्या वर्तुळाचा एक तळ असतो, म्हणजे डोकं जिथे सगळ्यात खाली येतं ती जागा. बॉल जमिनीवर असताना हा तळ बॉलच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडायला हवा. चांगल्या खेळाडूंचा आयर्नने तो तीन-चार इंच पुढे पडतो. म्हणजे क्लब अजून खाली येत असतानाच बॉल लागतो, आणि मग माती निघते. आधी बॉल, मग माती. पुरुष व्यावसायिकांचा सात नंबर बॉलवर साधारण चार अंश खाली उतरत येतो. फार नाही. कुऱ्हाड घालायची नाहीये. पण वर चढत तर नक्कीच येत नाही.

तुमचा तळ बॉलच्या दोन-तीन इंच मागे आहे. मग होतं काय, तर क्लब आधी जमिनीत घुसतो, वेग मातीत जिरतो, बॉल चाळीस यार्ड जाऊन बसतो. हा डफ. टॉप जरा गमतीचा आहे. लोक समजतात टॉप म्हणजे मान वर केली. खरं म्हणजे शरीर फार शहाणं असतं. दोन-तीन डफ झाले, मनगटाला झटका बसला, की पुढच्या वेळी ते स्वतःच जमीन चुकवतं. कोपर दुमडतं, गुडघे ताठ होतात, छाती वर उठते. क्लब दीड-दोन सेंटिमीटर वर येतो आणि बॉलच्या पोटाऐवजी डोक्यावर बसतो. गोल्फच्या बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे त्याची कंबर जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटरवर. तेवढ्यात सगळा खेळ. मान वर गेली हे खरं, पण ते लक्षण आहे, रोग नव्हे. तळ मागे असेल तर वर उठणं हाच त्या शरीराला सुचलेला इलाज असतो.

म्हणून ‘मान खाली ठेव’ हा सल्ला मला आवडत नाही. मी तरुणपणी दोन वर्षं तो इमानदारीत पाळला. बॉल गेल्यावरही हनुवटी छातीला चिकटवून उभा. परिणाम असा की डोकं मागे, वजन उजव्या पायावर, छाती वळायची थांबलेली आणि हातांना एकट्यानेच क्लब पुढे फेकावा लागायचा. कोलण्याचा कारखानाच. वर कंबर दुखायला लागली ती वेगळी. (सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं, त्यांना सवय असते.)

बॉल वर न्यायचं काम क्लबचं. सात नंबरचा लोफ्ट (क्लबच्या तोंडाचा उतार) नव्या सेटमध्ये तीसच्या आसपास, जुन्यात चौतीस-पस्तीस अंश. तो उतार कारखान्यातच घडवून दिलेला आहे. बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात जवळपास अर्धा मिलिसेकंद. त्या वेळात तुम्ही-आम्ही काही उचलू शकत नाही. आपल्याला कळेपर्यंत बॉल गेलेला असतो.

मग मॅटवर कसं छान लागतं? लागत नाही, मॅट खोटं बोलते. मॅटवर दोन इंच मागे मारलं तरी क्लबचा तळवा घसरतो, उसळतो आणि बॉलखाली पोचतो. बॉल थोडा कमी जातो, पण सरळ जातो, आणि आपल्याला वाटतं की जमलं. कोर्सवर तोच फटका मातीत रुततो. मॅटवर सराव करावाच लागत असेल, शहरात बऱ्याच जणांना दुसरा मार्ग नसतो, तर बॉलच्या मागे साधारण सहा इंचांवर एक छोटा टॉवेल घडी घालून ठेवा. क्लब टॉवेलला लागला की शॉट बाद, बॉल कितीही गोड गेला तरी. आणि कान उघडे ठेवा. मागे लागलेला शॉट आधी ‘थप्’ असा वाजतो, मग बॉल. नीट लागलेल्यात आवाज एकच येतो.

आता मुख्य कामाला येऊ. बाजारातून पांढऱ्या रांगोळीची पिशवी आणा. रंगीत नको, गवतावर डाग राहतो आणि मग क्लबचे माळी मला बोलतात. रेंजच्या कोपऱ्यात, जिथे गवत आधीच गेलंय अशा जागी, विचारून, रांगोळीची दीड मीटर लांब सरळ रेघ ओढा. सोसायटीच्या हिरवळीवर हा उद्योग करू नका, सेक्रेटरी लोकांना विनोद कळत नाही. रेघ दोन्ही पायांच्या मधून तुमच्यापासून पुढे जाईल अशी, म्हणजे लक्ष्याच्या दिशेला काटकोनात. सात नंबरसाठी ती रेघ पायांच्या मध्यापासून जरा डावीकडे हवी, साधारण डाव्या छातीच्या खिशाच्या किंचित आतल्या बाजूला. ही झाली बॉलची जागा.

बॉल ठेवायचा नाही. रेघेवर उभं राहायचं, अर्धा स्विंग करायचा आणि जमिनीवरचा व्रण बघायचा. व्रण रेघेवर सुरू होऊन डावीकडे गेला तर पास. रेघेच्या उजवीकडे सुरू झाला तर नापास. एक मारला की दोन इंच पुढे सरका, तीच रेघ, पुढचा तुकडा. दहा मारा आणि मोजा. पहिल्या दिवशी तुमचे दहापैकी दोन-तीन पास होतील. वाईट वाटून घेऊ नका, वीसच्या वर हँडिकॅप असलेले बहुतेक तिथेच असतात. व्रण खोल नको. शंभराच्या नोटेएवढा लांब-रुंद आणि भाकरीएवढा जाड पुरे. खड्डा पडत असेल तर तुम्ही खांद्याने कुऱ्हाड चालवताय. आणि झाल्यावर खड्ड्यात वाळू भरा, ही जागा उद्या दुसऱ्यालाही लागते.

बॉल नसताना दहापैकी सात पास झाले की मगच रेघेवर बॉल. आणि इथे एक चमत्कार दिसतो. बॉल ठेवला रे ठेवला की सातचे तीन होतात. माझ्याकडे एक निवृत्त कर्नलसाहेब यायचे, साठी ओलांडलेले, शिस्तीचे. रिकाम्या रेघेवर दहापैकी नऊ. बॉल ठेवला की एक. वैतागून म्हणाले, “हा बॉलच काढून टाका, माझा खेळ चांगला आहे.” मी त्यांना रेघेवर बॉलऐवजी चिंचोका ठेवून दिला. चिंचोका उडवायला काय लागतं, कुणाला त्याची भीती नाही, तो वर जावा अशी कुणाची इच्छा नाही. दहापैकी आठ. मग चिंचोक्याच्या जागी टी (बॉल ठेवायची खुंटी) खोचली, नुसती, बॉलशिवाय. मग त्या टीवर जमिनीलगत बॉल. मग टी काढली. तीन दिवस लागले एवढ्याला. त्यांचा स्विंग मी बदलला नाही. बॉल दिसला की मनात येणारी ‘उचल’ ही आज्ञा तेवढी पुसली. तुम्हीही याच पायऱ्यांनी जा, घाई केलीत तर परत पहिल्या पायरीवर याल.

आता तळ पुढे जातो कशाने? हातांनी नाही. हे नीट वाचा, कारण व्हिडिओ बघून लोक इथेच फसतात. चांगल्या खेळाडूचा फोटो बघतात, बॉल लागताना दांडा पुढे झुकलेला, हात डाव्या मांडीसमोर. मग ते हात मुद्दाम पुढे ढकलायला लागतात. क्लबफेस, म्हणजे क्लबचं तोंड, उघडतो, बॉल उजवीकडे पळतो, आणि पुढे एखाद्या दिवशी शँक येतो, म्हणजे बॉल दांड्याच्या बेचक्यात लागतो. हात पुढे असतात ते शरीर आधी पुढे गेलेलं असतं म्हणून. तळ कुठे पडणार हे ठरतं तुमची छाती आणि तुमचं वजन त्या क्षणी कुठे आहे यावर.

तळ्याकाठी सपाट दगड आडवा फेकून पाण्यावर टप्पे काढले असतील तुम्ही, गोदाकाठचे आहात. तो फेक आठवा. हात अजून मागे असतो तेव्हाच डावा पाय पुढे पडलेला असतो. मग कंबर वळते, मग कोपर पुढे येतं, मनगट सगळ्यात शेवटी. कुणी शिकवलेलं नसतं. दगड नुसत्या मनगटाने फेकला तर बुडतो. आयर्नचा स्विंग त्याच जातीचा आहे. वजन डावीकडे सरकायची सुरुवात हात वर पोचायच्या जरा आधीच होते, खाली येताना नाही. तुमचं बहुधा असं होतंय की हात निघतात आधी, आणि वजन बॉल गेल्यावर, फोटोसाठी, डावीकडे येतं.

याला मी एकच व्यायाम देतो. आठ नंबर घ्या. उजवा पाय मागे घेऊन त्याची नुसती चवड टेकवा, सायकलच्या स्टँडसारखी. सगळं वजन डाव्या पायावर. हात कमरेपर्यंत मागे, कमरेपर्यंत पुढे, बस. बॉल डाव्या टाचेच्या जरा आत. या अवस्थेत कोलायला गेलात तर तोल जातो, शरीरच तुम्हाला कोलू देत नाही. बेल्टचं बक्कल लक्ष्याकडे वळवून संपवा. असे वीस मारा, मग उजवा पाय जागेवर आणून दहा. पाय जागेवर आला तरी तीच भावना राहिली पाहिजे की डाव्या पायाखाली जमीन दाबली गेलीय. मी स्वतः आजही खेळायच्या आधी असे आठ-दहा मारतो. लोकांना वाटतं मास्तर लंगडतायत.

ग्रिपबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण पाठवलेल्या फोटोत दिसतंय की क्लब डाव्या तळव्याच्या मधोमध बसलाय. बॅट धरल्यासारखा. पाण्याची भरलेली बादली उचलताना कडी कुठे असते? बोटांच्या मुळाशी. क्लब तिथे हवा. तळव्यात धरला की मनगट जाम होतं, आणि मग वेग काढायला उजवा हात मध्ये पडतो. धरायचा किती घट्ट, तर निरांजन हातात घेऊन घरभर फिरतो तेवढा. पडणारही नाही आणि ज्योतही हलणार नाही. मुंबईच्या दमट हवेत ग्लोव्ह भिजला की माणूस नकळत आवळतो, म्हणून बॅगेत कोरडा दुसरा ग्लोव्ह असावा. ग्रिप बदलली की पहिले दोन आठवडे बॉल भलतीकडे जातील, ते सोसावं लागेल.

तळ जमायला लागला की दुसरा प्रश्न, बॉल क्लबफेसवर कुठे लागतोय? व्हाइटबोर्डवर लिहायच्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला एक जाड ठिपका काढा आणि तो ठिपका क्लबकडे करून ठेवा. मारल्यावर ठिपका फेसवर उमटतो. ओल्या फडक्याने पुसा, पुढचा मारा. एका ठिपक्यावरून काही ठरवायचं नाही, दहाचा घोळका कुठे पडतोय ते बघा. घोळका टोकाकडे असेल तर तुम्ही हात आत ओढताय किंवा वर उठताय, म्हणजे पुन्हा तीच जमीन चुकवण्याची सवय. दांड्याकडे असेल तर बहुधा डाउनस्विंगमध्ये वजन चवड्यांवर जातंय. अशा वेळी बुटात पायाची बोटं जरा वर उचलून चार-पाच सावकाश स्विंग करा, लगेच फरक कळतो. दांड्याच्या बेचक्यात लागलेला बॉल म्हणजे शँक, काटकोनात उजवीकडे पळतो. आमच्याकडे त्याचं नाव रेंजवर मोठ्याने घेत नाहीत. तो नीट लागलेल्या शॉटपासून दोन बोटांवर असतो, त्यामुळे आला म्हणून सगळा स्विंग मोडून टाकू नका.

दिशेबद्दल थोडक्यात. बॉल निघतो मुख्यतः क्लबफेस जिकडे बघतोय तिकडे. वळतो तो फेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकामुळे. जुन्या लोकांनी आम्हाला उलटं शिकवलं होतं, शॉट मोजणारं रडार आल्यावर ते दुरुस्त झालं. तुम्ही सध्या याच्या मागे लागू नका. जो बॉल नीट लागतच नाही त्याची दिशा सुधारून काय मिळणार?

ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, यातलं बरंच लागू नाही. तिथे बॉल टीवर उंच असतो, डाव्या टाचेच्या रेषेत, आणि तुमच्या वेगाला किंचित वर चढत मारलेला फायद्याचा. म्हणून ड्रायव्हरच्या शंभर बॉलनंतर लगेच आयर्न घेऊ नका, शरीर गोंधळतं. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, तर नियमच उलटा, तिथे मुद्दाम आधी वाळू मारायची. ग्रीनजवळच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीजवळच्या बंकरबद्दल बोलतोय. फेअरवेच्या (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या हिरवळीच्या) बंकरमधून लांब मारायचंय तर पुन्हा आधी बॉल.

जमीन आणि ऋतू याबद्दल व्हिडिओवाले फारसं बोलत नाहीत, कारण त्यांची जमीन वेगळी. आपल्या फेअरवेवर बहुतेक ठिकाणी जे बर्मुडा गवत असतं ती म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. चिवट, जमिनीला चिकटून आडवी पसरणारी. तिच्यावर बॉल थोडा वर बसतो खरा, पण गवताची लव तुमच्या दिशेने असली तर क्लब अडकतो. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये खालची काळी माती लोण्यासारखी होते, आणि अर्धा इंच मागे लागलेला शॉटही तिथेच गाडला जातो. त्या दिवसांत एक क्लब मोठा घ्या, ग्रिप इंचभर खाली धरा, तीन-चतुर्थांश स्विंग करा. पाच नंबर आयर्न बॅगेत झोपू दे, हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) काढा, त्याचा रुंद तळवा रुतत नाही. पावसाळी स्थानिक नियमात फेअरवेवरचा बॉल उचलून, पुसून ठेवायची मुभा असेल तर लाजू नका, नियम त्यासाठीच आहे. मे महिन्यात उलट. जमीन फरशीसारखी, वेजचा (जास्त उताराच्या, छोट्या शॉटच्या आयर्नचा) फुगीर तळवा उसळतो आणि बॉल ग्रीन ओलांडून पलीकडे. तेव्हा बॉल एक इंच मागे घ्या आणि छोटे शॉट वेजऐवजी नऊ नंबरने घरंगळवा.

उतार हा आणखी एक चोर. पुण्याजवळ बावधनच्या डोंगरातला ऑक्सफर्ड कोर्स असो की खारघरच्या दरीतला सिडकोचा कोर्स, सपाट जागा नशिबाने मिळते. उतरत्या जमिनीवर, म्हणजे डावा पाय खाली असताना, तळ आपोआप मागे पडतो, कारण मागची जमीन वर असते. खांदे उताराला समांतर करा, बॉल जरा मागे घ्या, आणि मारल्यावर उताराबरोबर एक पाऊल खाली टाकायची तयारी ठेवा. बॉल खालूनच जाणार हे मान्य करा. तिथे उचलायला गेलात की टॉप ठरलेला.

सेटबद्दल आता बोलतो. तुम्ही लिहिलंय की सेट मेव्हण्यांनी अमेरिकेहून आणून दिला. असे बरेच सेट माझ्याकडे येतात. मेव्हणे सहा फुटी आणि तरुण असतात, दांडे कडक आणि लांब. ते बदलावे लागतील कदाचित, पण तळ जागेवर आल्यावर. आत्ता मापं घेतलीत तर चुकीच्या स्विंगची मापं निघतील. तोवर एवढंच तपासा की सात नंबर जमिनीवर सहज टेकवल्यावर त्याचं टोक हवेत तरंगत नाही ना. थोडं वर चालेल, खालून एखादं नाणं जाईल इतपत. बोटच आरपार जात असेल तर लाय अँगल (दांडा आणि जमीन यांच्यातला कोन) बघून घ्या, ते वाकवून मिळतं, नवा सेट लागत नाही. आणि कुणी ब्लेड आयर्न्स (पातळ डोक्याचे, चूक माफ न करणारे) गळ्यात मारायला आलं तर नमस्कार करून निघा. दिसतात सुंदर. मलाही आवडतात. कपाटात आहेत.

सराव किती? तुम्ही रविवारी दोनशे बॉल मारता असं लिहिलंय. शेवटचे सव्वाशे तुम्ही थकलेल्या अंगाने चुका पाठ करण्यासाठी मारता. आठवड्यातून तीनदा साठ पुरे. पहिले वीस एका पायावर, मग वीस रेघेवर किंवा टॉवेलसह, आणि शेवटचे वीस प्रत्येक वेळी क्लब आणि लक्ष्य बदलून, मागे जाऊन, श्वास घेऊन, जसं कोर्सवर मारता तसे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाची कंबर आणि मांडीचे सांधे आखडलेले असतात. ते वळले नाहीत की छाती वर उठते. आधी पाच-सहा सूर्यनमस्कार घाला, सावकाश. कंबरेतून पायात कळ जात असेल तर मात्र क्लब खाली ठेवून डॉक्टरांकडे जा.

एक चैन सांगतो. पुण्यात व्यावसायिकांची स्पर्धा असेल तेव्हा सकाळी त्यांच्या रेंजच्या दोरीमागे तासभर उभे राहा. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिक खेळून आलाय, अनिर्बान लाहिरीचा जन्मही पुण्याचा. या दर्जाची मुलं मारताना बॉलकडे बघू नका, दिसणारही नाही. डिव्हट बघा. एकापुढे एक, वीतभराच्या पट्ट्या, जणू कुणी हरळीची पोळी उलथतंय, आणि प्रत्येकीची सुरुवात बॉलच्या पुढे. मग घरी येऊन तुमची रेघ ओढा.

कोर्सवर मात्र यातलं काही आठवायचं नाही. सराव-स्विंग करताना फक्त बघा, गवत कुठे घासलं. बॉल जिथे असणार त्या जागेच्या पुढे घासलं की लगेच आत जाऊन मारा. नाही घासलं तर आणखी एक. तिसरा करू नका, मागचे लोक खोळंबतात.

दोन आठवड्यांनी मला तीन गोष्टी पाठवा. रिकाम्या रेघेवर दहापैकी किती, बॉल ठेवून दहापैकी किती, आणि एक व्हिडिओ. व्हिडिओ समोरून, तुमच्या छातीकडे तोंड करून, फोन हातांच्या उंचीवर ठेवून, स्लो मोशनमध्ये. मागून काढलेला नको, तो सगळे काढतात आणि त्यात तळ दिसत नाही. चेहरा फ्रेममध्ये नसला तरी चालेल, बूट आणि रांगोळी मात्र दिसायला हवी.